इतिहासाची पदवी हाती आली. पुढची वाट कोणती?

इतिहास विषय घेऊन बी.ए. केलेल्या मुलाला निकालानंतर घरात हमखास एक प्रश्न विचारला जातो : आता शिक्षक होणार की स्पर्धा परीक्षा देणार? चर्चा बहुधा तेथेच संपते. प्रत्यक्षात या पदवीपुढे वाटा बऱ्याच आहेत. मात्र पदवीच्या जोडीला आणखी एक कौशल्य असल्याशिवाय त्यांतील बहुतेक वाटा खुल्या होत नाहीत. हे कसे, ते सुरतजवळच्या हजीऱ्याकडे पाहिले की उमगते.

तापी नदी समुद्राला मिळते तेथील हा परिसर आज पोलाद, खत आणि वायू प्रकल्पांसाठी ओळखला जातो. चारशे वर्षांपूर्वी येथील सुवालीच्या नांगरवाड्यात सुरतेला येणारी इंग्रजांची जहाजे थांबत. १६१२ मध्ये कॅप्टन थॉमस बेस्टच्या जहाजांनी येथे पोर्तुगीज आरमाराला तोंड दिले आणि त्यानंतर सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदो स्वतः आरमार घेऊन येथे आला, पण त्यालाही यश मिळाले नाही. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा वखारवाल्यांनी त्याची वृत्ते लिहून ठेवली.

या एका किनाऱ्याचा इतिहास पोर्तुगीज, इंग्रजी, डच, फारसी आणि मराठी साधनांत विखुरलेला आहे. जो ही साधने मुळातून वाचू शकतो, त्याची गरज अभिलेखागाराला, संग्रहालयाला आणि न्यायालयालाही भासते.

अभिलेखागार आणि भाषांतर

गोव्यात १५९५ मध्ये दियोगो द कौतो याच्याकडे दप्तराची जबाबदारी सोपवण्यात आली. तेव्हापासून साठत आलेला संग्रह आज पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहे. पिसुर्लेचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हेच कागद वाचून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. पोर्तुगीज जाणणाऱ्या इतिहास पदवीधराला संशोधनाबरोबरच जमिनीचे जुने दस्तऐवज आणि जन्मनोंदी यांच्या भाषांतराचेही काम मिळू शकते. मोडी वाचणाऱ्यासाठी पेशवे दप्तर आणि खासगी दप्तरे खुली होतात. एम.ए.नंतर राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेखशास्त्रातील पदविका अभ्यासक्रमही करता येतो.

पुरातत्त्व आणि संग्रहालय

एम.ए.साठी पुरातत्त्व हा विषय घ्यायचा असल्यास पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. संग्रहालयशास्त्रासाठी बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. समुद्राखालच्या अवशेषांची ओढ असणाऱ्याला दूर जावे लागत नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजांचा शोध घेतला आहे. या क्षेत्रात मात्र पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण आणि पाणबुडीचे प्रशिक्षण दोन्ही लागते.

उद्योग आणि वारसा यांच्या सीमेवरही काम असते. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. अशा प्रकरणांत जागेचा इतिहास तपासून अहवाल लिहिणारा माणूस हवा असतो.

अध्यापन, प्रशासन, कायदा

शाळेत शिकवण्यासाठी बी.एड. लागते. महाविद्यालयासाठी एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही परीक्षा हा नेहमीचा मार्ग आहे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. तिच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याच्या दोन प्रश्नपत्रिका ५०० गुणांच्या असतात. तीन वर्षांची कायद्याची पदवी घेऊन वकिलीकडेही वळता येते. कागदातील विसंगती हेरण्याची सवय तेथे उपयोगी पडते.

अभिलेखागार आणि संग्रहालयांतील पदे थोडी असतात व जाहिराती वारंवार निघत नाहीत, हेही आधीच लक्षात घ्यायला हवे. म्हणून केवळ सरकारी जाहिरातीची वाट पाहत वर्षे घालवणे परवडणारे नसते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच पोर्तुगीज, मोडी किंवा फारसी यांपैकी एक शिकायला सुरुवात करावी आणि सुट्टीत एखाद्या संग्रहालयात उमेदवारी करावी. सनावळी पाठ असणारे पुष्कळ भेटतात. जुना कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारे मोजकेच असतात.