दोन दोऱ्यांचा कसरती पतंग

उगम : दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकी नौदलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी सुकाणू असलेला, दोन दोऱ्यांचा पतंग बनवला. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असे. १९७२ मध्ये ब्रिटनच्या पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा चौकोनी पतंग आणला आणि हा छंद सर्वदूर पोहोचला.

साहित्य : रिपस्टॉप नायलॉनचे कापड, कार्बन किंवा फायबरग्लासच्या कांड्या आणि न ताणणारी डायनिमाची दोरी. कापड काचेवर पसरून सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कापावे. कडा वितळून बंद होतात, धागे सुटत नाहीत.

कन्नी : खरी कसोटी इथेच. दोरीची गाठ अर्धा सेंटिमीटर नाकाकडे सरकवली की मंद वाऱ्यातही पतंग सहज उठतो. शेपटाकडे सरकवली की वळणे आखूड होतात. डाव्या-उजव्या बाजूची मापे तंतोतंत सारखीच हवीत.

उड्डाण : दोन्ही दोऱ्या समान लांबीच्या, साधारण २५ ते ४० मीटर. उजवी खेचली की पतंग उजवीकडे वळतो, डावी खेचली की डावीकडे. वाऱ्याच्या थेट दिशेत ओढ सर्वाधिक, कडांना सर्वात कमी. घिरट्यांनी दोऱ्यांना पीळ बसला तरी पतंग ऐकतो. उलट्या घिरट्या घेतल्या की पीळ सुटतो.

खबरदारी : मोकळे मैदान किंवा रिकामा किनारा निवडा. विजेच्या तारा, विमानतळ आणि वादळी हवा टाळा. ताणलेली दोरी कातडी कापते, त्यामुळे पतंगाखाली कोणालाही येऊ देऊ नका.