धूम्रपान : जडतें कसें आणि सुटतें कसें

पोर्तुगीजांच्या गलबतांतून दक्षिणेंत उतरलेली तंबाखू मोगल दरबारांत पोंचली ती विजापूरच्या वाटेनें. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असद बेग हा सरदार विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें रत्नजडित हुक्का बादशहापुढें ठेवला. बादशहानें एकदोन झुरके घेतले. राजवैद्यानें मात्र तेथल्या तेथें हरकत घेतली, कीं जिच्याविषयीं आपल्या ग्रंथांत अवाक्षर नाहीं ती वस्तु बादशहानें सेवन करूं नये. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूस बंदी केली. ती किती पाळली गेली हें सांगावयास नको. राजवैद्याची शंका रास्त होती. तिचें निर्विवाद उत्तर मिळण्यास मात्र सुमारें साडेतीनशें वर्षें जावीं लागलीं.

इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५० सालीं रुग्णालयांतील रोग्यांची चौकशी करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. चौकशी चालू असतांनाच हातीं आलेले आकडे पाहून डॉल यांनीं आपली स्वतःची सिगारेट बंद केली. पुढील वर्षीं या दोघांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रें पाठविलीं, आणि उत्तर देणाऱ्या ३४,००० हून अधिक पुरुष डॉक्टरांची माहिती पन्नास वर्षें गोळा होत राहिली. जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्यापेक्षां सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतो, असा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा उत्तरार्ध मात्र तितकासा कोणाच्या कानांवर जात नाहीं. साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यास या दहांपैकीं सुमारें तीन वर्षें परत मिळालीं, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्यास सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास जवळजवळ सर्व. "आतां या वयांत सोडून काय उपयोग?" या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर असूं शकत नाहीं.

आपल्याकडे एक समजूत अशी, कीं सिगारेट वाईट खरी, पण विडी म्हणजे पानांत गुंडाळलेली चिमूटभर तंबाखू. ती काय करणार? विडींतील तंबाखू सिगारेटपेक्षां पुष्कळच कमी असते हें खरें. परंतु भंडारा-गडचिरोलीच्या जंगलांतून येणारें टेंभुर्णीचें पान कागदासारखें सच्छिद्र नसतें. विडी वारंवार विझूं पाहते, आणि ती पेटती ठेवण्यासाठीं ओढणारा अधिक जोरानें व अधिक वेळां झुरके घेतो. पान हवा आंत येऊं देत नाहीं, म्हणून धूरही दाट. भारतांतील मृत्यूंची घरोघर चौकशी करून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत विडी ओढणाऱ्या पुरुषांचें आयुष्य सुमारें सहा वर्षांनीं आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचें सुमारें आठ वर्षांनीं कमी झालेलें आढळलें. आपल्या देशांत या धुराचा आणखी एक सोबती आहे, तो म्हणजे क्षय. पुरुषांच्या क्षयानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्यांच्या मुळाशीं धूम्रपान आहे, असें तामिळनाडूंतील संशोधनावरून २००३ सालीं दाखविण्यांत आलें.

घरांतील इतर माणसेंही या हिशेबाबाहेर नाहींत. जपानांतील ताकेशी हिरायामा यांनीं स्वतः कधींही धूम्रपान न केलेल्या ९१,००० हून अधिक विवाहित स्त्रिया अनेक वर्षें नजरेखालीं ठेविल्या. ज्यांचे पति धूम्रपान करीत त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळलें. हें १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. खिडकी उघडून किंवा पंखा लावून ओढलेली सिगारेट मुलांना बाधत नाहीं, ही समजूत म्हणूनच भ्रामक होय.

इतकें ठाऊक असूनही माणूस सोडीत कां नाहीं? येथें बहुधा मनोनिग्रहाचा विषय काढला जातो, आणि तेथेंच चूक होते. धुरांतील निकोटीन दहावीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. मेंदूंत तें ज्या ठिकाणीं चिकटतें तीं स्थानें नित्याच्या सेवनानें संख्येनें वाढतात व भुकेलेलीं राहतात. दर दोन तासांस रक्तांतील निकोटीन निम्म्यावर येतें, मग चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणें सुरू होतें. नवा झुरका तेवढ्यापुरती ती बेचैनी शमवितो, आणि ओढणाऱ्यास वाटतें, कीं सिगारेटनें मन शांत झालें. एका सावकाराचें देणें भागविण्यासाठीं दुसऱ्याकडून रक्कम उचलावी, तसाच हा प्रकार. रात्रभर निकोटीन न मिळाल्यामुळेंच सकाळची पहिली विडी सर्वांत गोड लागते. उलट कर्करोग व हृद्रोग यांस कारण होतात तीं मुख्यतः धुरांतील इतर द्रव्यें : डांबरासारखा चिकट अंश, आणि रक्तांत प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइड. बांधून ठेवणारा एक, मारणारे दुसरे, हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे पुढील उपाय समजण्यास सोपे जातात.

केवळ निश्चयाच्या बळावर सोडूं पाहणाऱ्या शंभरांपैकीं तीन ते पांच जणच वर्षभर टिकतात. म्हणून आधीं तयारी हवी. पंधरवड्याच्या आंतील एखादा दिवस ठरवावा, घरच्यांस सांगावा, आणि आदल्या रात्रीं रक्षापात्र, काडेपेटी, खिशांतील उरलेलें पाकीट हीं सर्व घराबाहेर काढावीं. हळूहळू कमी करावें कीं एकदम थांबावें, हा वाद जुना आहे. ब्रिटनमधील एका तुलनेंत (२०१६) एकदम थांबणाऱ्यांपैकीं ४९ टक्के, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकीं ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानापासून मुक्त होते. दोन्ही गटांस निकोटीनची औषधें व सल्ला मिळाला होता, हेंही लक्षांत ठेवावें.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. पण तलफेची एकेक लाट कांहीं मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावें, बडीशेप वा लवंग चघळावी, उठून दोन जिने चढउतर करावी. चहा आणि जेवणानंतरची घटका यांची विशेष धास्ती. तेव्हां कांहीं दिवस चहाची जागा व वेळ बदलणें हिताचें. विडीशिवाय पोट साफ होत नाहीं, ही तक्रार अगदींच काल्पनिक नाहीं, कारण निकोटीन आंतड्यांस चाळवितें. कोमट पाणी, पालेभाज्या व चालणें यांनीं कांहीं दिवसांत तें ताळ्यावर येतें. वजन मात्र वर्षभरांत चारपांच किलो वाढूं शकतें.

निकोटीनचा डिंक औषधाच्या दुकानांत मिळतो. तो खाण्याची रीत पुष्कळांस माहीत नसते. चिंगमाप्रमाणें भराभर चावल्यास घसा जळतो, उचकी लागते आणि औषध वायां जातें. चार-सहा वेळां चावावा, झिणझिणी आली कीं गालांत धरून ठेवावा, ती ओसरली कीं पुन्हां चावावा; असा अर्धा तास. बुप्रोपियॉन, व्हॅरेनिक्लीन या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्याव्या. विडी सोडून मिशरी किंवा चुना-तंबाखू धरणें म्हणजे फुप्फुसें सोडून तोंडाचा कर्करोग पत्करणें होय. सल्ल्यासाठीं १८००-११-२३५६ हा सरकारी विनामूल्य दूरध्वनि आहे. २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, पण पाकीट उघडणाऱ्याचें लक्ष तिकडे क्वचितच जातें.

पुष्कळांना एकाहून अधिक वेळां प्रयत्न करावा लागतो. महिन्याभरानें एखाद्या लग्नांत मित्रानें पुढें केलेली सिगारेट घेतली गेली, तर घरच्यांनीं टोमणे मारण्यापेक्षां ती कोठें व कोणाच्या संगतींत घेतली गेली हें विचारून घ्यावें आणि नवा दिवस ठरवावा. एकदोन दिवसांत रक्तांतील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, वर्षभरांत हृद्रोगाचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यास निम्म्यावर यावयास दहा वर्षें लागतात. फुप्फुसांतील फुटलेले हवेचे कोश मात्र पुन्हां भरून येत नाहींत; दम लागणाऱ्यानें सोडल्यावर दम जातोच असें नाहीं, पण तो वाढण्याचा वेग मंदावतो.