सुपरमॅनची हिरवी कड

मालेगावच्या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण सायकलवर चढवलेल्या कॅमेऱ्यापाशीच थांबतात. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे गावाला स्वतःचा सुपरमॅन दिला. त्यावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, तोही पाहून सगळे थक्क झाले ते पैशाविना केलेल्या करामतींनी. मला त्यातलं, माणसामागे लावून नंतर चित्रातून उडवायचं हिरवं कापड सुटेना. त्याच्यापुढे आडवा झालेला किडकिडीत सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावरचे कामगार. तोंडाच्या कर्करोगानं ते गेले. पण त्या कापडावरून त्यांना सोडवून आभाळात नेण्याचं काम कुणी केलं असेल? ते काम कसं असतं, एवढंच बघायला मी मालेगावला गेले.

मोसम नदीपलीकडच्या एका गल्लीत, मागांच्या वरच्या मजल्यावर, यूट्यूबसाठी विनोदी व्हिडिओ जोडणाऱ्यांची खोली आहे. खाली माग चालू झाले की वर टेबलावरचा चहाचा पेला सरकतो. संगणकासमोर विशीतला एक मदतनीस बसलेला. दिवसा मागावर, संध्याकाळी इथं. त्याच्या सदऱ्याला सुतावर चढवायच्या सायझिंगच्या खळीचा आंबूस वास होता, आणि बंद खोलीत तो सतत जाणवत होता.

हिरवा रंग निवडायचा आणि उडवायचा, हे काम क्षणात होतं. खरं काम पुढे. माणसाच्या कडेला हिरवी रेघ उरते. केसांत उरते, बोटांच्या बेचक्यात उरते, वाऱ्यानं उडणाऱ्या लाल कापडाच्या टोकाला तर हमखास. ती हातानं पुसायची. एका सेकंदाला २५ चित्रं, तो म्हणाला. आठ सेकंदांचं उड्डाण म्हणजे २०० चित्रं, आणि प्रत्येकात कापड वेगळ्या जागी. पुसताना हात जास्त चालला तर बोट कापलं जातं, कमी चालला तर पडद्यावर माणसाभोवती शेवाळ दिसतं.

तो चित्र मोठं करतो, कड बघतो, पुसतो, पुढच्यावर जातो. मी विचारलं, एवढी बारीक रेघ दिसते कशी? हजारो उभ्या धाग्यांत तुटलेला एक धागा शोधून गाठ मारायची सवय आहे, असं त्यानं सांगितलं. त्याच्याच कामाची इतकी नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

१९७८ सालच्या हॉलिवूडच्या ‘सुपरमॅन’लाही ही कड छळत होती. तिथं पडदा निळा आणि नायकाचा पोशाखही निळा, त्यामुळे पडद्याबरोबर माणूसही गायब व्हायचा. म्हणून उड्डाणाच्या काही दृश्यांसाठी पोशाखाचा रंगच हिरवटाकडे झुकवावा लागला. इथं हिरवं कापड घेतलं की निळा पोशाख वाचतो, पण हिरवी झाक त्यावर पडते. तीही यानंच काढायची.

आणि मुळात सुपरमॅन तरी एकट्याच्या हातचा कुठे होता? कॉमिक्सच्या १९३८ च्या जूनच्या अंकात तो आला तो जेरी सीगल यांच्या लेखणीतून आणि जो शुस्टर यांच्या कुंचल्यातून. त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरना विकले. १३० डॉलर! पण शुस्टर यांची नजर अधू होती आणि मागणी वाढत गेली. क्लीव्हलंडच्या त्यांच्या स्टुडिओत मदतनीस आले. वेन बोरिंग हे त्यांतलेच. चित्रं रेखायची, शाई चढवायची, आणि छापलेल्या पानावर नावं मात्र सीगल व शुस्टर यांची. पुढे त्या दोघांचीही नावं गाळली गेली आणि १९७० च्या दशकात भांडून ती परत मिळवावी लागली. मदतनिसांसाठी कुणी भांडलं नाही.

बाहेरून येणाऱ्यांना मालेगावात फक्त हिकमत दिसते, याचा मला राग येतो. सायकलवरच्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला मजेची. २०० चित्रांची कड पुसणं हे कष्टाचं काम आहे, कसबाचंही, आणि ते दिवसभर मागापुढे उभं राहिलेले डोळे करतात. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी हा सकाळपासूनच इथं असतो.

निघताना मी त्याच्या उस्तादांना विचारलं, व्हिडिओत याचं नाव येतं का? ते मनानं चांगले, कामाचे पैसे वेळेवर देणारे गृहस्थ. म्हणाले, नावं शेवटी टाकतो, पण तोवर लोक व्हिडिओ बंद करतात. मी म्हटलं, मग सुरुवातीला टाका, उस्ताद. दोन सेकंद पुरतील. दोन सेकंद म्हणजे ५० चित्रं, आणि त्यांत पुसायला काहीच नाही. मुलानं पहिल्यांदा पडद्यावरून मान वळवली आणि उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी त्याला नाव कसं लिहायचं ते विचारलं.