‘नाही’ कंसात शिरतं तेव्हा

समजा, एका तक्त्यात १० जणांची नावं आहेत. ४ पुण्याचे, ३ नाशिकचे, २ नागपूरचे आणि एकाच्या शहराचा रकाना रिकामा. पुणेकर आणि नाशिककर वगळायचे आहेत. तक्त्यांतून माहिती शोधण्याच्या एसक्यूएल या भाषेत आपण अट घालतो: ‘शहर पुणे नाही किंवा शहर नाशिक नाही’. वाचायला किती सरळ! पण उत्तरात येतात चक्क ९ ओळी. पुणेकर आहेत, नाशिककरही आहेत. गळाला तो फक्त रिकाम्या रकान्याचा माणूस!

असं का व्हावं? एक पुणेकर घ्या. ‘पुण्याचा नाही’ हे त्याच्याबाबत खोटं, पण ‘नाशिकचा नाही’ हे खरं. ‘किंवा’ला एक होकार पुरतो. कोणतंही शहर एकाच वेळी पुणे आणि नाशिक असू शकत नाही, मग या अटीत अडकणार कोण?

हवं होतं ‘पुणे नाही आणि नाशिक नाही’. इथे जरा थांबा. कोणाला वगळायचं, याची अट होती ‘पुणे किंवा नाशिक’. तिला नकार देताच ‘किंवा’चं ‘आणि’ झालं! शाळेत कंसाबाहेरचं वजा आत नेताना प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं, आठवतं? ‘नाही’ त्याच्याही पुढे जातं: अटी उलटवतं आणि त्यांना जोडणारा शब्दही उलटवतं. ‘वय १८ किंवा जास्त आणि ६० किंवा कमी’ याचा नकार? ‘१८ पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त’.

हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ सालचा, आपल्या मदुराईतला! लंडनला गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकांचं ‘फॉर्मल लॉजिक’ १८४७ मध्ये आलं. आज जगभरचे प्रोग्रॅमर रोज त्यांचाच नियम वापरतात.

आता त्या दहाव्या माणसाकडे वळू. ‘पुण्याचे किती?’ ४. ‘पुण्याचे नसलेले किती?’ ५. बेरीज ९! रिकाम्या रकान्याला एसक्यूएल ‘नल’ म्हणतं. तो पुण्याचा आहे का? माहीत नाही. पुण्याचा नाही का? तेही माहीत नाही! खरं आणि खोटं यांच्या जोडीला इथे ‘अज्ञात’ हे तिसरं उत्तर असतं, आणि अज्ञाताचा नकारही अज्ञातच. अटीतून पार होतं ते फक्त ‘खरं’.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ‘नॉट इन’ लिहून वगळायच्या शहरांची यादी दिली आणि त्या यादीतच एक नल शिरला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही! कारण यादीतल्या प्रत्येकापेक्षा आपण वेगळे आहोत, अशी खात्री हवी. आणि अज्ञातापेक्षा वेगळे असल्याची खात्री कोण देणार?

शिष्यवृत्तीच्या यादीतून एखादी मुलगी अशीच गळू शकते, आणि कॉम्प्युटर चूक दाखवत नाही, कारण आपण सांगितलं तेच त्याने केलेलं असतं. म्हणून नकाराची अट लिहिली की अटीत बसणारे आणि तिच्या नकारात बसणारे, दोन्ही मोजा. बेरीज एकूण ओळींपेक्षा कमी भरली, तर रिकामे रकाने शोधा आणि त्यांचं काय करायचं ते स्वतंत्र अट घालून स्पष्ट सांगा.