सफरचंदाची थंडगार बासुंदी: दूध का नासतं आणि कसं वाचवायचं

आजचा एपिसोड छोटा आहे, पण प्रश्न एक लिटर दुधाचा आहे. अर्धा तास गॅससमोर उभं राहून दूध आटवायचं, शेवटी हौसेने सफरचंद घालायचं आणि पातेल्यात बासुंदीऐवजी चोथापाणी बघायचं! पाहुणे तासाभरात येणार असतील तर विचारूच नका. म्हणून आज आधी कारण, मग कृती.

आपण पनीर कसं करतो? उकळत्या दुधात लिंबू पिळतो. सफरचंद कितीही गोड लागलं तरी त्यात मॅलिक ॲसिड असतंच. आंबटपणा वाढला की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन गोळा व्हायला लागतं, आणि दूध गरम असेल तर थोडासा आंबटपणाही त्याला पुरतो. म्हणजे इथे आरोपी दोन: आम्ल आणि उष्णता. सफरचंदातलं आम्ल आपण काढू शकत नाही, पण उष्णता काढू शकतो. सगळी कृती या एकाच गोष्टीवर उभी आहे.

दुसरा बग म्हणजे काळा पडणारा कीस. सफरचंद किसलं की त्यातल्या एन्झाइमची हवेशी गाठ पडते आणि रंग तपकिरी होतो. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. म्हणून कीस आधी करून ठेवायचा नाही. किसायचं आणि लगेच कढईत टाकायचं.

साहित्य: फुल क्रीम दूध 1 लिटर, गोड लाल सफरचंदं 2 (आंबट हिरवी नकोत), साखर 6 मोठे चमचे, तूप 1 चमचा, वेलची पूड, थोडे काजू-बदाम.

1. जाड बुडाच्या पातेल्यात दूध मध्यम आचेवर 25 ते 30 मिनिटं आटवा. कडेची साय खरवडून आतच ढकलत राहा. दूध साधारण दोन तृतीयांश उरलं की 5 चमचे साखर आणि वेलची घाला, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद.

2. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. निवलं की फ्रिजमध्ये.

3. सफरचंदं सोलून, किसून तुपावर परता. उरलेली 1 चमचा साखर घाला. 7-8 मिनिटांत पाणी आटून कीस मऊ होईल. हे पाणी आटवणं महत्त्वाचं, नाहीतर बासुंदी पातळ होते.

4. कीस ताटात पसरून पूर्ण गार करा. नुसता कोमट झाला म्हणून घाई करू नका.

5. दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा, वरून काजू-बदाम घाला आणि झाकून 3 तास फ्रिजमध्ये ठेवा.

चव बघताना एक लक्षात ठेवा: थंड पदार्थात गोडवा कमी जाणवतो. त्यामुळे गरम असताना बासुंदी किंचित जास्त गोड लागली तर बरोबर आहे.

आणि हो, तयार झाल्यावर ही पुन्हा गरम करायची नाही. केलीत, तर ते दोन आरोपी परत भेटलेच म्हणून समजा. गारच वाढा, दोन दिवसांत संपवा. अर्थात, घरात चार माणसं असतील तर तेवढी टिकणारच नाही!