लॉन बोल्सचा पंच : मोजून निकाल देणारा माणूस

2 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार महिलांनी लॉन बोल्स या खेळात सुवर्णपदक पटकावले. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असे हरवले. राष्ट्रकुल स्पर्धेत या खेळातले भारताचे हे पहिलेच पदक. तेव्हा लव्हली चौबे झारखंड पोलिसांत, नयनमोनी सैकिया आसामच्या वनखात्यात, पिंकी दिल्लीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आणि रूपाराणी तिर्की झारखंडमध्ये जिल्हा क्रीडा अधिकारी. चौघीही नोकरी करणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या. त्या दिवशी अनेक घरांत एकच प्रश्न विचारला गेला, ‘हा खेळ तरी कसला?’

विजेत्यांवर पुष्कळ लिहून आले. पण ज्याच्या शब्दावर दोन देशांचा निकाल ठरतो, त्या पंचाबद्दल कोणी लिहीत नाही. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या आमच्या वाचकांना आज त्या पंचाची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटते. त्याच्या कामात आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे.

खेळ गोट्यांच्या नात्यातला

लॉन बोल्स म्हणजे आपल्या गोट्यांचा मोठा भाऊ म्हणा ना! 31 ते 40 मीटर लांबीचे सपाट हिरवळीचे मैदान. त्यावर एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू सोडायचा, त्याला जॅक म्हणतात. मग खेळाडूंनी आपापले मोठे चेंडू घरंगळत सोडायचे. ज्याचा चेंडू जॅकच्या जास्त जवळ, त्याला गुण. मोठ्या चेंडूची घडण एका अंगाने अशी केलेली असते की तो सरळ न जाता वळण घेत जातो. वेग कमी झाला की वळण वाढते. सगळे कसब त्या वळणाच्या अंदाजात आहे.

चौघांच्या संघात कामे वाटलेली असतात. पहिला खेळाडू चटई टाकतो व जॅक सोडतो, दुसरा गुण लिहितो, तिसरा अंतर मोजतो आणि चौथा, म्हणजे स्किप, संघ चालवतो. राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ 1930 पासून आहे. फक्त 1966 साली तो वगळला गेला होता. भारताचा संघ त्यात प्रथम उतरला तो 2010 च्या दिल्ली स्पर्धेत.

बोलावल्यावर येणारा पंच

क्रिकेटचा पंच प्रत्येक चेंडूला उभा असतो. लॉन बोल्सचे तसे नाही. सामन्यापूर्वी पंच मैदानाच्या खुणा, चटई, जॅक आणि चेंडूंवरचे शिक्के तपासतो. चेंडू सोडताना खेळाडूचे एक पाऊल चटईवर किंवा चटईच्या वर असलेच पाहिजे, जॅक चटईपासून निदान 23 मीटर गेला पाहिजे, यावर त्याचे लक्ष असते. जॅकला शिवलेल्या चेंडूला खडूची खूण करतात. तो चेंडू पुढे खाचेत पडला तरी बाद होत नाही.

बाकी फेरीचा निकाल दोन्ही बाजूंचे तिसरे खेळाडू आपसांत ठरवतात. कोणाचा चेंडू जवळ, हे एकमेकांना मान्य करतात. त्यांचे एकमत झाले नाही तरच पंचाला बोलावणे जाते. पंच येतो, वाकतो, दोरीचे माप किंवा कंपास लावतो. जॅकच्या जवळच्या कडेपासून चेंडूच्या जवळच्या कडेपर्यंत मोजतो. फरक कधी केसाएवढा असतो. हात हलला, जॅकला धक्का लागला तर सगळेच मुसळ केरात! दोन्ही अंतरे अगदी सारखी निघाली तर त्या फेरीत गुण कोणालाच नाही. फेरी संपण्याआधी मोजायचे नाही, हाही नियमच आहे. शेवटचा चेंडू थांबल्यावर कोणत्याही बाजूला तीस सेकंदांपर्यंत थांबण्याची मुभा असते, कारण कललेला चेंडू लवंडू शकतो.

एकेरीच्या सामन्यात मार्कर नावाचा मदतनीस असतो. ज्याची पाळी आहे त्याने विचारले तरच तो उत्तर द्यायचा, आणि विचारले तेवढेच. दोन्ही खेळाडूंचे गुणांवर एकमत होईपर्यंत त्याने एकही चेंडू हलवायचा नाही. पंचाचा निर्णय अखेरचा असतो. मात्र नियमाच्या अर्थाबद्दल वाद असेल तर संयोजक मंडळाकडे दाद मागता येते. म्हणजे पंचही नियमाच्या वर नाही.

मापाला जात नसते

आपल्याकडे बांधाचा वाद निघाला की दोन्ही भावकी आवाज चढवतात, आणि मोजणीवाला आल्यावर निम्मा आवाज खाली येतो. यात्रेतल्या क्रिकेट सामन्यांत पंच यजमान मंडळाचा असतो, मग रडीचा डाव सुरू होतो आणि कधी कधी प्रकरण हातघाईवर जाते. ज्याच्या पाठीशी माणसे कमी, त्याचा बळी जातो. हे आपल्या लोकांना सांगायला नको.

पुण्याच्याच मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पालवणकर गोलंदाजी करीत होते. त्यांनी घेतलेला बळी धावफलकावर लागायचा, पण चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. नियम जिथे मोजून पाळला गेला तिथे त्यांना न्याय मिळाला. जिथे तो माणसांच्या मर्जीवर राहिला तिथे मिळाला नाही. म्हणून मोजून निकाल देणारा माणूस आम्हाला मोठा वाटतो. दोरीच्या मापाला कोण कुठल्या वस्तीचा हे कळत नाही.

आपली मुले-मुली पंच का होऊ नयेत?

आपल्या भागात लॉन बोल्सचे मैदान नाही, हे खरे. पण 2008 साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा बालेवाडीला झाल्या. त्यात नऊ खेळ होते, लॉन बोल्स नव्हता. कापूरहोळहून मुंबईला जाणारी आपली माणसे महामार्गाने याच बालेवाडीवरून जातात. आंतरराष्ट्रीय स्पर्धा इतकी जवळ आली होती. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा आता अहमदाबादला भरायची ठरली आहे. अशा स्पर्धेला खेळाडूंइतकीच पंच, मार्कर आणि गुणलेखकांची गरज लागते.

खेळाडूचे वय सरते, पंचाचे सहसा सरत नाही. चाळिशीतला कामगार, घर सांभाळणारी भगिनी, कॉलेजात जाणारी मुलगी, कोणीही नियमपुस्तक वाचून तयार होऊ शकते. सुरुवात आपल्या कबड्डी-खो-खोपासून करावी. त्यांच्या संघटना पंच परीक्षा घेतात. यावर घर चालत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. नोकरी सांभाळूनच हे करायचे.

तोवर एक गोष्ट मात्र घरच्या अंगणात करता येईल. पोरांचा गोट्यांवरून तंटा झाला की ओरडू नका. हातात सुतळी द्या आणि दोघांच्या समोर मोजायला लावा. हरलेल्याने माप मान्य केले, तर त्यालाच पुढच्या डावाचा पंच करा.