मॅक की विंडोज?

नरसी नामदेवहून हिंगोली-नांदेडला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप अभ्यासक्रमावर ठरतो.

● वाणिज्य : टॅली प्राइम थेट विंडोजवरच बसते.

● अभियांत्रिकी : ऑटोकॅड दोन्हींवर चालते, सॉलिडवर्क्स मात्र फक्त विंडोजवर.

● आयफोनचे ॲप : त्यासाठीचे एक्सकोड मॅकवरच चालते.

● मराठी टंकलेखन : इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हींत आहे, ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो.

● रॅम : २०२० पासूनच्या ॲपल चिपच्या मॅकबुकमध्ये मागाहून वाढवता येत नाही, विंडोजच्या काही मॉडेलांत येते.

● जुना लॅपटॉप : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ चालते का, ते पाहावे.

महाविद्यालयात कोणते सॉफ्टवेअर लागते हे आधी विचारावे, मगच पैसे मोजावेत.